ऑफिक्लाइड विकत घेताना, आणि घेतल्यानंतर

मार्च 2023 मध्ये मी ऑफिक्लाइड हे चाव्यांचं जुनं पितळी फुंकवाद्य शोधत होते तेव्हा मराठीत मला त्याच्याबद्दल एक ओळ सापडली नव्हती. इंग्रजीत होतं, पण ते सगळं तज्ज्ञांनी तज्ज्ञांसाठी लिहिलेलं. किती पैसे लागतात, कस्टममध्ये काय होतं, दुरुस्तीला कोण घेतं, हे कुणी सांगत नाही. म्हणून हा सगळा हिशेब लिहून ठेवते.

आधी थोडी ओळख. मी मूळची बेळगावची. बाबा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बँडमध्ये युफोनियम, म्हणजे खर्जातलं एक पितळी फुंकवाद्य, वाजवायचे. पचमढीच्या मिलिटरी म्युझिक विंगमध्ये शिकून आलेले, हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मी गेली सतरा वर्षं लंडनजवळ हाउन्स्लोला राहते, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे आणि रविवारी सकाळी इथल्या एका हौशी ब्रास बँडमध्ये युफोनियम वाजवते. बरं वाजवते, यापलीकडे काही म्हणवत नाही.

घरापासून सायकलने दहा-बारा मिनिटांवर नेलर हॉल आहे. ब्रिटिश लष्कराचं संगीत विद्यालय 1857 पासून 2021 पर्यंत तिथे होतं. उन्हाळ्यात हिरवळीवर संध्याकाळचे कार्यक्रम व्हायचे, तेव्हा आम्ही चटई आणि पोळीभाजीचा डबा घेऊन जायचो. शाळा हलली तेव्हा तिच्या इतिहासाबद्दल सापडेल ते वाचत गेले आणि 1859 च्या सुमारास सॅम ह्यूज नावाचा माणूस तिथे 'ऑफिक्लाइड' शिकवत होता, या वाक्यावर येऊन अडकले. लष्करी बँडची मुलगी मी, आणि हे नाव मला माहीत नव्हतं. बाबांना फोन केला. त्यांनाही माहीत नव्हतं.

ग्रीकमध्ये 'ओफिस' म्हणजे साप आणि 'क्लेइस' म्हणजे किल्ली. त्याआधी बँडमध्ये खर्ज सांभाळायला सर्पंट नावाचं खरोखरच सापासारखं वळणावळणाचं लाकडी वाद्य असायचं. त्याच्या जागी हे चाव्यांचं पितळी आलं. गोष्ट अशी सांगतात की 1815 मध्ये वॉटर्लूच्या लढाईनंतर पॅरिसमध्ये दोस्त फौजांचा तळ पडला होता, तेव्हा ब्रिटिश फौजेतल्या ग्रेनेडियर गार्ड्सच्या जॉन डिस्टिनचं चाव्यांचं ब्यूगल ऐकून रशियाचा ग्रँड ड्यूक कॉन्स्टन्टाइन खूश झाला आणि तसंच एक बनवून मागितलं. ते काम गेलं हालारी या पॅरिसच्या कारागिराकडे. त्याने नक्कल तर केलीच, पण त्याच कल्पनेची मोठी भावंडंही बनवली. त्यातला खर्जातला भाऊ म्हणजे ऑफिक्लाइड. 1817 चं, पेटंट 1821 चं. पुढची चाळीसएक वर्षं फ्रान्स-इंग्लंडच्या फौजी बँडमध्ये ते होतं. मग व्हॉल्व्हवाले ट्यूबा आणि युफोनियम आले आणि ते अडगळीत गेलं. कित्येकांचे तर टेबललॅम्प झाले. हे विनोदाने म्हणत नाही, लिलावाच्या याद्यांमध्ये वायर ओवलेली ऑफिक्लाइडं मी स्वतः पाहिली आहेत.

ऑक्टोबर 2022 मध्ये फॉरेस्ट हिलच्या हॉर्निमन म्युझियममध्ये काचेमागे ते पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिलं. उभी, मध्येच दुमडलेली नळी, वर आभाळाकडे तोंड, अंगावर बशीएवढ्या झाकणांच्या चाव्या. वाजवायला कोण देणार? पण तिथून परत येताना गाडीतच ठरवलं, एक घ्यायचं. घरी नवऱ्याला मात्र दोन आठवड्यांनी सांगितलं.

आता पैशांचं. आजकाल नव्या प्रतिकृती मिळतात आणि खरं सांगायचं तर शहाण्या माणसाने तीच घ्यावी. मी शहाणी नव्हते. पाच महिने फ्रान्समधल्या लिलावांवर डोळा ठेवला. या काळात शिकलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट ही की फोटोत आधी वरची वळलेली सुटी नळी, म्हणजे क्रूक, आहे का ते बघायचं. ती नसेल तर वाद्य फुलदाणी म्हणूनच घ्यावं लागतं, कारण ती नव्याने करून घ्यायला लागणारा खर्च वाद्याच्या किमतीवर जातो. माउथपीस नसला तरी चालतो, तो नवा मिळतो.

18 मार्चला बोली लागली. पॅरिसच्या गोत्रोचा शिक्का असलेलं, नऊ चाव्यांचं, 'सी' सुराचं. हातोडा पडला 1,100 युरोला. त्यावर लिलावघराचं 25 टक्के कमिशन 275 युरो, बांधणी आणि कुरियर 165. एकूण 1,540 युरो, आमच्या पैशात साधारण 1,355 पौंड. बाबांना रुपयांत सांगितलं तर म्हणाले, "एवढ्यात मेरठहून तीन-चार युफोनियम आले असते की गं." बरोबरच होतं.

मग कस्टम. ब्रेक्झिटनंतर फ्रान्सहून येणारी वस्तू ही परदेशातून आयात झालेली वस्तू असते, हे माहीत असूनही डोक्यात शिरलेलं नव्हतं. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला इथे वेगळा कोड आहे, 9706, आणि त्यावर आयातीचा व्हॅट प्रत्यक्षात 5 टक्केच पडतो. साध्या पितळी वाद्याचा कोड 9205, त्यावर पूर्ण 20 टक्के. कुरियर कंपनीने पाकिटावर 'ब्रास इन्स्ट्रुमेंट' वाचलं आणि 9205 लावून मोकळी झाली. व्हॅट, ड्युटी आणि त्यांचं हाताळणी शुल्क मिळून 315 पौंड भरल्याशिवाय खोकं सोडणार नाही असा निरोप आला. मी चार दिवस फोनवर घालवले. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सुरुवात. पाचव्या दिवशी भरून टाकले, कारण गोदामाचं भाडं चढायला लागलं असतं.

पैसे परत मागायला सी 285 नावाचा अर्ज असतो. त्याला लिलावाचं बिल, यादीतल्या वर्णनाचं पान, शिक्क्याचा जवळून काढलेला फोटो, कुरियरची पावती आणि वाद्य कोणत्या काळातलं हे सांगणारं जाणकाराचं पत्र जोडलं. पत्र ज्या दुरुस्तीवाल्याकडे वाद्य जाणार होतं त्यांनीच फुकट लिहून दिलं. अर्ज 2 मे रोजी पाठवला, 11 सप्टेंबरला 235 पौंड खात्यात आले. हा सगळा खटाटोप एका ओळीने टळला असता: विकणाऱ्याला आधीच सांगायचं की बिलावर आणि खोक्यावर 'शंभर वर्षांहून जुनी वस्तू', अंदाजे निर्मितीचा काळ आणि 9706 हा कोड ठळक लिही. तो एक ईमेल मी पाठवला नव्हता.

खोकं 6 एप्रिलला घरी आलं. उघडल्यावर आधी वास आला. जुन्या तांब्या-पितळेला येतो तसा, शिवाय उंदराच्या बिळासारखा काहीतरी. चाव्यांच्या खाली चामड्याच्या गाद्या असतात, त्यांना पॅड म्हणतात. त्या पापडासारख्या कडक झाल्या होत्या, दोन तर किड्यांनी खाल्लेल्या. खालच्या वळणावर मुठीएवढा पोचा. आतून हिरवा कळक. आपल्याकडे कल्हई गेलेल्या भांड्यात ताक कळकतं ना, तोच तो हिरवा. त्याला ओठ लावायचा नाही हे मला शिकवायला नको होतं. पण आई व्हिडिओ कॉलवर बघून लगेच म्हणाली, "पितांबरी लाव आणि चिंचेने घास, लख्ख होईल." लख्ख झालं असतं आणि गोत्रोचा शिक्काही गेला असता. जुन्या वाद्याला पॉलिश लावू नका. शिक्का, कोरीव रेघा, मूळ कारागिराच्या कानशीच्या खुणा, सगळं त्यात झिजतं.

जुनी चाव्यांची पितळी वाद्यं दुरुस्त करणारी माणसं मोजकीच आहेत आणि प्रत्येकाकडे रांग. मी चौघांना लिहिलं. एकाने उत्तर दिलं नाही, दुसरा म्हणाला फक्त व्हॉल्व्हची करतो, तिसऱ्याची रांग दोन वर्षांची. चौथे म्हणाले जूनमध्ये आणून द्या, नाताळपर्यंत बघू. 10 जूनला देऊन आले. नाताळ गेला. मी दर महिन्याला एकदाच फोन करायचा असा नियम केला होता आणि तो पाळला, पण मधल्या काळात फोन हातात घेऊन किती वेळा खाली ठेवला त्याचा हिशेब नाही.

17 फेब्रुवारी 2024 ला घ्यायला गेले तेव्हा त्यांनी दीड तास बसवून घेतलं, आणि तो दीड तास मला सगळ्यात महाग शिकवणीपेक्षा जास्त उपयोगी पडला. नऊही पॅड नवे, मऊ कातड्याचे. पाच स्प्रिंगा नव्या. पोचा आतून गोळा फिरवून काढला होता, पूर्ण नाही, कारण पत्रा पातळ झाला होता आणि आणखी ताणला असता तर चिरला असता. दोन ठिकाणी सुटलेले सांधे डाग देऊन जोडले होते. त्यांनी सिगारेटच्या कागदाची पट्टी एका चावीखाली ठेवली, चावी बंद केली आणि म्हणाले, ओढ. पट्टी अडकली पाहिजे. झाकणाच्या चारी बाजूंनी असं करून बघायचं. एका बाजूनेही सुळकन निघाली तर तिथून हवा गळते. नऊ चाव्या, छत्तीस वेळा ओढलं. मग एका छोट्या पाकिटात घालून त्यांनी जुना एक पॅड माझ्या हातात ठेवला. आतली लोकर अजून पिवळसर शिल्लक होती. बिल 780 पौंड. नवा माउथपीस वेगळा, 95.

शिकण्याचं सांगते. युफोनियमवर व्हॉल्व्ह दाबला की नळी लांबते आणि सूर खाली जातो. इथे उलटं. चावी दाबली की भोक उघडतं, नळी तिथेच संपते, सूर वर चढतो. थोडक्यात, बोटं सनईची आणि ओठ ट्रम्पेटचे. त्यात एक मेख: बेलजवळची (बेल म्हणजे वाद्याचं रुंद तोंड) पहिली, सगळ्यात मोठी चावी सदा उघडी असते आणि दाबली की बंद होते. म्हणजे आठ चाव्या एका नियमाने आणि ही एक बरोबर विरुद्ध. माझ्या बोटांना ती विरुद्ध असल्याचं पटायला तीन आठवडे लागले. बोटांचे तक्ते फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'गॅलिका' या संकेतस्थळावर जुन्या शिकवणीच्या पुस्तकांत फुकट मिळतात. फ्रेंच येत नसलं तरी चित्रं कळतात. तक्त्यांत आपापसांत मतभेद आहेत, आणि ते चुकीचे नाहीत; वाद्यागणिक एकच सूर दोन-तीन चाव्यांनी निघतो, त्यातला आपल्या वाद्यावर कोणता खरा लागतो ते आपणच शोधायचं. मी पेन्सिलीने स्वतःचा तक्ता केला आणि स्वयंपाकघरात फ्रिजवर लावला. पोळ्या लाटताना पाठ होतो.

मार्चच्या सुरुवातीला गाडी अडली. खालचे सूर येत होते, वरचे येत होते, मधले तीन-चार मात्र फाटके. घसा बसलेल्या माणसासारखे. मी ते ओठांवर घेतलं. रोज पाऊण तास लांब सूर धरायचे, कडेला शेजारच्या पंजाबी मावशींची माफी मागायची. (त्या म्हणाल्या, "चालू दे बेटा, म्हैस आहे असं समजते.") सहा आठवडे गेले, काही फरक नाही. एप्रिलच्या मध्यावर मनात आलं की विकून टाकावं. जाहिरातीचा मजकूरही लिहिला होता.

त्या दिवशी सहज बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "गळतंय का ते बघितलंस?" मी म्हटलं, पॅड सगळे नवे आहेत, कागद लावून तपासलेत. "पॅड नव्हे गं. जोड." मग त्यांनी सांगितलं ते केलं. सगळ्या चाव्या बंद धरल्या, बेलजवळच्या उघड्या भोकाला नवऱ्याचा तळहात, बेलच्या तोंडात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली उशी कोंबली, आणि फुंकलं. क्रूक जिथे अंगात बसतो त्या जोडातून गालाला बारीक झुळूक लागली. आठ महिन्यांत तेवढा एक सांधा कुणीच तपासला नव्हता, मी तर नाहीच. नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप दोन वेढे गुंडाळली. सूर साफ. मी खाली बसले आणि थोडी रडले, आणि जाहिरात पुसून टाकली. नंतर दुरुस्तीवाल्यांनी जोड नीट बसवून दिला, पैसे न घेता. पण ती टेप आजही पेटीत असते. 60 पेन्सची आहे. युफोनियमवरून येणाऱ्याला हे सुचत नाही, कारण युफोनियम गळत असला तरी बराच काळ सांभाळून घेतो. हे वाद्य सांभाळून घेत नाही.

दुसरी अडचण सुराची. आज 'ए' म्हणजे 440 कंपनं असं आपण धरतो. तेव्हा ते गावोगावी वेगळं होतं. फ्रान्सने 1859 मध्ये सरकारी हुकमाने 435 ठरवलं, त्याआधी पॅरिसमध्ये चढं होतं, आणि इंग्लंडचे बँड तर पुढे कित्येक वर्षं 452 च्या आसपास वाजवत. माझं वाद्य ट्यूनरवर थंड असताना 445, गरम झाल्यावर 448 दाखवायचं. ट्यूनिंगची नळी होती तेवढी बाहेर ओढून 441 वर आणता येतं. त्यापुढे मात्र चाव्यांची भोकं एकमेकांशी भांडायला लागतात. म्हणून विकत घेण्याआधी विकणाऱ्याला एका सुराचं ध्वनिमुद्रण मागावं, वाजत असेल तर.

नोव्हेंबर 2024 मध्ये एका हौशी ऑर्केस्ट्राला मेंडेलसोन या संगीतकाराची 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' ओव्हर्चर (नाटकाआधी वाजणारी रचना) करायची होती. त्यात ऑफिक्लाइडचा भाग आहे. हल्ली तो बहुतेक वेळा ट्यूबावर वाजवतात. माझ्या बँडमधल्या एकाने माझं नाव सुचवलं. चर्चच्या हॉलमध्ये, दीडशेएक लोक, तालमी तीन, मानधन शून्य, पार्किंग 9 पौंड. गाढवाच्या ओरडण्याची नक्कल येते तिथे खर्जात घोगरं मिसळायचं काम माझ्याकडे होतं. एक सूर मी उशिरा सोडला. शेजारचा ट्रम्पेटवाला गालात हसला. बाकी ठीक झालं.

बाबांना हे प्रत्यक्ष बघायचं होतं. ते आता एक्क्याऐंशीचे आहेत, विमानाने येणं नाही. मी डिसेंबरमध्ये बेळगावला जाणारच होते, तर वाद्य बरोबर न्यावं असा विचार केला. मग 1972 चा पुरावस्तूंचा कायदा वाचला. भारतात शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू धरली जाते आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर काढता येत नाही. बाहेरून तात्पुरती आणलेली वस्तू म्हणून आत जातानाच कागद करून घेतले तर वाट निघेलही, पण विमानतळावरच्या रात्री तीनच्या रांगेत तो वाद घालायची माझी तयारी नव्हती. सी 285 एकदा पुरे. वाद्य हाउन्स्लोला ठेवून गेले.

तर मागच्या रविवारी, परत आल्यावर, व्हिडिओ कॉल लावला. आईने फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. बाबा स्वेटर घालून, केस विंचरून, खुर्चीत ताठ बसले होते, परेडला बसल्यासारखे. मी आधी सरगम वाजवली, मग त्यांच्या जुन्या वहीतला एक स्लो मार्च, त्यांच्याच युफोनियमचा भाग. त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्या ओळीत मी 'एफ शार्प' चुकवला तेव्हा एक भुवई हलली. संपल्यावर थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

"काय वाजवायलीस गं हे," म्हणाले, "युफोनियमबी नाही आणि बॅसूनबी नाही." मग पुढे वाकून फोनच्या पडद्याजवळ आले. "आणि पाणी कुठून काढतेस? पाण्याची चावी दिसेना."

मी सांगितलं, चावी नाही. क्रूक उपटला, तिरका केला आणि फुंकून आत साठलेले थेंब सतरंजीवर पडताना त्यांना दाखवले.